आखाजीला सुट्टी कोणाला?

[दृश्य: महामार्ग, सकाळ. ट्रक, सुरत पासिंगच्या गाड्या, टपावर बांधलेल्या बॅगा.]

आखाजी, म्हणजे खानदेशातली अक्षय्य तृतीया, जवळ आली की इथल्या हॉटेलवाल्याच्या पोटात गोळा येतो. बाकीच्या महाराष्ट्राची अक्षय्य तृतीया सोनं घेऊन होते, इथली नाही. इथे घरोघरी घागर भरायची असते, पितरांच्या नावाने विस्तवावर घास टाकायचा, म्हणजे आगारी टाकायची असते, लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात आणि पारावर पत्त्यांचे डाव रंगतात. गावाकडे गेलंच पाहिजे असा हा सण. त्यामुळे सुरतेत पोटापाण्याला गेलेली निम्मी खानदेशी माणसं याच दोन दिवसांत घराकडे निघतात, आणि निघतात ती याच रस्त्याने. पूर्वीचा 6 नंबरचा राष्ट्रीय महामार्ग, आताचा 53. म्हणजे वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी ज्या दिवशी, नेमका त्याच दिवशी भट्टीवाला, म्हणजे भट्टीवर भाजी करणारा आचारी, समोर येऊन उभा राहतो. "भाऊ, आखाजीले घर जानं शे."

[दृश्य: पारोळा-एरंडोल पट्ट्यातलं एक भोजनालय. पत्र्याची शेड, पुढे बाजा, गल्ल्यावर मालक.]

या भोजनालयाचे मालक, सगळे त्यांना भाऊच म्हणतात, बरीच वर्षं एकच उत्तर देत आले: नाही. मग माणसं न सांगता जायची आणि फोन बंद ठेवायची. भाऊ चिडायचे, पगार कापायचे. पगार कापला की माणूस परतच यायचा नाही. या धंद्यात चांगला भट्टीवाला मिळणं म्हणजे काय, हे ज्याने शोधलाय त्यालाच विचारा. त्यात आखाजीच्या आगेमागे लग्नसराई ऐन भरात असते. लग्नातल्या आचाऱ्याला रोजाने जे मिळतं, ते हॉटेलच्या पगारात बसत नाही.

आता गुढीपाडव्याच्या आधी भिंतीवर एक कागद लागतो. निम्म्यांना आखाजी, निम्म्यांना कानबाई. श्रावणातली कानबाई हा इथला दुसरा मोठा सण. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते, रोटांच्या प्रसादासाठी सगळी भाऊबंदकी एका घरात गोळा होते, आणि सोमवारी विसर्जन. कोण कधी जाणार हे भाऊ ठरवत नाहीत, पोरं आपसात ठरवतात. भांडणं होतात, होऊ देतात. आखाजीला हॉटेल चालू असतं, पण पाटीवर तीनच पदार्थ: शेवभाजी, भाकरी, ठेचा. त्या दिवशी गल्ल्यावर भाऊ नसतात, भांडी घासायच्या हौदापाशी असतात.

[दृश्य जवळून: कढई. काळ्या मसाल्यावर तेल सुटतंय.]

शेवभाजी दिसते तितकी सोपी नाही. भाजलेला कांदा, सुकं खोबरं आणि काळा मसाला यांचं वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं. रस्सा उकळता हवा. शेव मात्र जाड, तिखट, आणि ताट उचलण्याच्या क्षणी टाकायची. आधी टाकली तर लगदा होतो, उशिरा टाकली तर गिऱ्हाईक कडक शेव चावत बसतं. हा क्षण गल्ल्यावरून दिसत नाही, तो भट्टीवाल्यालाच दिसतो. म्हणून इथे ताट सोडायचं की थांबवायचं, हे भट्टीवाला ठरवतो. भाऊंनी "लवकर सोड" म्हटलं तरी तो ऐकत नाही.

मसाल्याचं प्रमाण पूर्वी एकट्या भाऊंच्या आईंना ठाऊक होतं. त्या आजारी पडल्या तेव्हा भाजीची चवच बदलली. आता मसाला त्यांच्याच देखरेखीखाली तोलून, एका घाण्याची एक अशा पुड्या बांधल्या जातात. गुपित बाहेर जाईल, कोणीतरी समोरच हॉटेल टाकेल, ही भीती भाऊंना अजून आहे. ती खोटीही नाही. पण चव एकाच माणसाच्या हातात अडकलेली असली, की मालकच त्या हाताचा नोकर होतो.

[दृश्य: हिवाळ्याची सकाळ. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर हिरवी वांगी.]

चंपाषष्ठी झाली की भरिताचे दिवस. चातुर्मासात वांगं न खाणारी घरंही आता भरीत मागतात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हिरवं, मोठं, पातळ सालीचं, बिया कमी. काड्यांच्या जाळावर भाजून ते लाकडी भांड्यात मुसळीने ठेचतात. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडदाची. ती थापणाऱ्या बायका मात्र याच दिवसांत कापूस वेचायला जातात. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, चलाख हाताला हॉटेलपेक्षा जास्त सुटते. भाऊंनी दिवसाची मजुरी वाढवून पाहिली, जमलं नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "मावशी, तुम्हाला कधी जमेल?" उत्तर आलं, "सांजच्याले." म्हणून इथे हिवाळ्यात कळण्याची भाकरी संध्याकाळीच मिळते. दुपारच्या गिऱ्हाइकाला पोळी. काही गिऱ्हाइकं नाक मुरडतात.

[दृश्य: स्वयंपाकघर. तरुण वाढपी टोपी घालतोय.]

अन्नसुरक्षेच्या नियमांत दर 25 कामगारांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक लागतो. बहुतेक ठिकाणी मालकच प्रशिक्षणाला बसून येतो आणि प्रमाणपत्र भिंतीवर टांगतो. भाऊंनी वाढप्याला पाठवलं. पोरगा परत आला तो थेट म्हाताऱ्या आचाऱ्याला सांगायला लागला: डोक्याला टोपी घाला, तळणीचं तेल पुन्हा पुन्हा वापरू नका. तळून तळून बिघडलेल्या तेलातल्या ध्रुवीय संयुगांचं प्रमाण 25 टक्क्यांवर गेलं की ते तेल वापरायला कायद्याने बंदी आहे, हे त्याने अख्ख्या स्वयंपाकघरात मोठ्याने वाचून दाखवलं. आचारी रुसला. "कालचं पोरगं मला शिकवतं!"

इथे भाऊंना कोणाची तरी बाजू घ्यावी लागणार होती. त्यांनी स्वतः टोपी घातली आणि तेलाचा डबा मागच्या दाराशी नेऊन ठेवला, फेकायला. तेलाच्या खर्चावरून रोज ओरडणारा माणूस तेल टाकतोय, हे आचाऱ्याने पाहिलं. दोन-चार दिवसांनी त्यानेही टोपी घातली. पोराशी मात्र तो अजून फारसं बोलत नाही.

[दृश्य: गल्ला. कुलूप, किल्ली भाऊंच्या खिशात.]

सगळंच सुटलंय असं समजू नका. गल्ल्याची किल्ली अजून भाऊंच्याच खिशात असते, आणि गिऱ्हाइकासमोर कामगारावर ओरडायची सवय पुरती गेलेली नाही. चित्रीकरण चालू असतानाही ते एकदा ओरडले.

भुसावळच्या बाजूला दुसरी जागा पाहून झाली आहे. तिथे कोणाला बसवायचं, हा प्रश्न आहे. भट्टीवाल्याने सरळ नाही म्हटलं. आखाजी, कानबाई दोन्ही बुडतील म्हणून. त्या प्रशिक्षण घेतलेल्या वाढप्याची तयारी आहे, पण त्याला पगार नको, नफ्यात वाटा हवा. भाऊंनी अजून होकार दिलेला नाही. घरात बोलणी चालू आहेत.