जाहिरात संपेपर्यंत

उत्तर लॉक होतं, म्युझिक एकदम थांबतं, बच्चन साहेब समोरच्याकडे नुसते बघत राहतात आणि नेमकी तेव्हाच जाहिरात लागते. घराघरातून शिव्या. मग डिटर्जंट, सिमेंट, विमा, परत डिटर्जंट, आणि इकडे सोफ्यावर खडाजंगी चालू, बाबा म्हणतात बी, शंभर टक्के बी, आजी म्हणते बी कसं असेल रे, आणि दहावीतली पोरगी हळूच मोबाईल काढते तर सगळे एकदम अंगावर ओरडतात, ए, गूगल नाही करायचं हां!

हा जो वेळ आहे ना, आपल्याला वाटतं फुकट गेला, पण शिकणं बरंचसं तिथेच होतं. हे मी उगाच म्हणत नाही. 2014 साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी एक प्रयोग केला. लोकांना ट्रिव्हियाचे, म्हणजे किरकोळ माहितीचे, प्रश्न दिले आणि आधी विचारून घेतलं की बाबा रे तुला याचं उत्तर जाणून घ्यायची किती उत्सुकता आहे. मग प्रश्न दाखवायचा, पण उत्तर लगेच द्यायचं नाही, 14 सेकंद ताटकळत ठेवायचं, आणि त्या मधल्या वेळात स्क्रीनवर एका अनोळखी माणसाचा चेहरा दाखवायचा, ज्याचा प्रश्नाशी काहीएक संबंध नाही. नंतर परीक्षा घेतली. ज्या प्रश्नांची उत्सुकता जास्त होती त्यांची उत्तरं जास्त लक्षात राहिली, हे तर कुणीही सांगितलं असतं. गंमत अशी की त्या प्रश्नांच्या वेळी दाखवलेले चेहरेसुद्धा जास्त लक्षात राहिले. म्हणजे डोकं एकदा उत्तरासाठी ताटकळलं की समोर येईल ते आत घेतं. डिटर्जंटवाले मूर्ख नाहीत.

आणि ते बाबा, जे बी बी करून ओरडत होते आणि उत्तर निघालं डी, त्यांना हसू नका. 2001 मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या दोन मानसशास्त्रज्ञांना असं आढळलं की माणूस ज्या चुकीच्या उत्तराबद्दल जास्त ठाम असतो, ती चूक दाखवून दिली की बरोबर उत्तर त्याच्या डोक्यात जास्त घट्ट बसतं. अर्धवट अंदाज मारणाऱ्यापेक्षा छातीठोक चुकणारा जास्त शिकतो. बाबांना तो डी आता बराच काळ सोडणार नाही.

[जुन्या टीव्हीवरची दूरदर्शनची क्लिप]

आता थोडं मागे जाऊ. भारतात क्विझ हा प्रकार केबीसीने, म्हणजे कौन बनेगा करोडपतीने, आणलेला नाही. बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट 1972 पासून शहराशहरांत व्हायची, मग रेडिओवर आली, आधी हमीद सयानी आणि नंतर अमीन सयानी, आणि 1992 पासून झी टीव्हीवर डेरेक ओब्रायन. दूरदर्शनवर 1985 मध्ये सिद्धार्थ बसूंचं क्विझ टाइम आलं. पण ते सगळं इंग्रजीत, कॉलेजची हुशार पोरं समोर बसलेली, आणि आपण घरात बसून बघायचं की अरे बापरे याला हे पण माहीत आहे. बघायला मजा यायची, पण खेळायला फार कमी लोकांना जमायचं.

3 जुलै 2000, स्टार प्लस, रात्री 9. याच सिद्धार्थ बसूंच्या कंपनीने 1998 च्या ब्रिटिश कार्यक्रमाचा साचा घेऊन कौन बनेगा करोडपती उभा केला, आणि एका रात्रीत अख्खं घर स्पर्धक झालं. हिंदीत प्रश्न, सुरुवातीचे तर शाळकरी पोरालाही येतील असे, आणि मुख्य म्हणजे चार पर्याय. पर्याय असले की काहीच येत नसलेला माणूससुद्धा दोन कटवून उरलेल्या दोनांत डोकं लावतो. जुने क्विझर याच्यावर नाकं मुरडतात, म्हणतात उत्तर ओळखणं वेगळं आणि उत्तर आठवणं वेगळं, आणि खरं सांगायचं तर त्यांचं बरोबर आहे. पर्याय दिसायच्या आधी जो तोंडातून उत्तर काढतो त्याच्याच डोक्याला खरा व्यायाम होतो. पण पर्याय नसते तर आजी त्या सोफ्यावर आलीच नसती, हेही तितकंच खरं.

ऑक्टोबर 2000 मध्ये मुंबईचा हर्षवर्धन नवाथे पहिला करोडपती झाला. तेव्हा तो यूपीएससीची तयारी करत होता. एक कोटीचा प्रश्न होता, यापैकी संसदेच्या कामकाजात भाग घ्यायची परवानगी घटनेने कुणाला दिलीय? सॉलिसिटर जनरल, अॅटर्नी जनरल, कॅबिनेट सेक्रेटरी की सरन्यायाधीश. उत्तर अॅटर्नी जनरल, म्हणजे आपल्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातला महान्यायवादी. घटनेचं कलम 88. दोन्ही सभागृहांत बोलू शकतो, मत मात्र देऊ शकत नाही. त्या रात्रीपर्यंत हे कलम वकील आणि स्पर्धा परीक्षावाल्यांपुरतं होतं, दुसऱ्या दिवशी ते पानाच्या टपरीवर पोचलं. पुढच्याच वर्षी केबीसी ज्युनिअरमध्ये एक कोटी जिंकलेला रवी मोहन सैनी नावाचा शाळकरी मुलगा पुढे आयपीएस अधिकारी झाला.

मग ते मराठीतही आलं. 2013 मध्ये ई-टीव्ही मराठीवर सचिन खेडेकर घेऊन आले कोण होईल मराठी करोडपती, नंतर 2019 मध्ये सोनी मराठीवर कोण होणार करोडपती, नागराज मंजुळेंचं. मराठीत प्रश्न आले की घरातली सत्ता बदलते. इंग्रजी सिनेमांवर गप्प बसणारी आजी संतांवर, ओव्यांवर, नाटकांवर, सणांवर प्रश्न आला की पर्याय वाचून व्हायच्या आत उत्तर देते आणि वर नातवालाच विचारते, शाळेत शिकवत नाहीत का रे तुम्हाला?

पण प्रश्नाचं उत्तर कळलं म्हणजे ज्ञान मिळालं का? इथे मला जरा थांबायचंय, कारण सगळी गोम इथेच आहे.

[पडद्यावर निकोबार बेटांचा नकाशा]

2011. बिहारमधल्या मोतीहारीचा सुशील कुमार, रोजगार हमीच्या ऑफिसात काम करणारा कॉम्प्युटर ऑपरेटर, पगार काही हजार रुपये. (मोतीहारी हे स्वतःच एक जीकेचं उत्तर आहे, जॉर्ज ऑर्वेल 1903 मध्ये तिथे जन्मला.) तर सुशील कुमार पाच कोटींच्या प्रश्नावर पोचला. प्रश्न असा की 1868 मध्ये निकोबार बेटांवरचे हक्क ब्रिटिशांना विकून कुठल्या युरोपियन सत्तेने भारतातून काढता पाय घेतला? उत्तर डेन्मार्क. सुशील कुमार पाच कोटी जिंकला, टाळ्या झाल्या, दुसऱ्या दिवशी देशभर लोकांनी हे पाठ केलं. निकोबार, डेन्मार्क, 1868. झालं.

बहुतेक लोक इथेच थांबतात. म्हणून तर त्यांचं जीके पंधरा दिवसांत उडून जातं.

पण समजा घरात एखादा चिकट माणूस आहे आणि तो विचारतो, अरे पण डेन्मार्क इथे करत काय होता? पोर्तुगीज माहीत आहेत, डच माहीत आहेत, फ्रेंच माहीत आहेत, हे डॅनिश कुठून आले? तर डॅनिश लोक 1620 पासून तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगंबाडीला होते, किल्ला बांधून. बंगालमध्ये हुगळीच्या काठी 1755 पासून त्यांची आणखी एक वसाहत होती, श्रीरामपूर. अहिल्यानगर जिल्ह्यातलं नव्हे, कलकत्त्याजवळचं, ज्याला इंग्रजीत सेरामपोर म्हणतात. निकोबारला त्यांनी परत परत माणसं पाठवली आणि तापाने ती परत परत मेली. शेवटी 1845 मध्ये तरंगंबाडी आणि श्रीरामपूर दोन्ही इंग्रजांना विकून टाकली आणि 1868 ला निकोबारही दिलं.

आता श्रीरामपूरलाच थांबा. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी आपल्या हद्दीत नको होते, व्यापारात उगाच भानगड नको म्हणून. मग विल्यम कॅरी नावाचा इंग्रज मिशनरी 1800 मध्ये डॅनिश हद्दीत श्रीरामपूरला येऊन राहिला, कारण तिथे कंपनीचं काही चालत नव्हतं, आणि त्याने तिथे छापखाना टाकला. कॅरी पलीकडे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवायचा, पंडितांच्या मदतीने. आणि 1805 मध्ये त्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी भाषेचं छापील व्याकरण निघालं, 1810 मध्ये मराठीचा कोश निघाला, तो तर मोडी टाइपात. मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र, बाळशास्त्री जांभेकरांचं दर्पण, निघालं त्यानंतर, 1832 ला. म्हणजे मराठी छपाईच्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांसाठी पुणं-मुंबई सोडून बंगालमधल्या एका डॅनिश गावात जावं लागतं. कुठे निकोबार, कुठे मोडी टाइप! आता डेन्मार्क विसरून दाखवा बघू.

असं प्रत्येक प्रश्नाचं होत नाही, होऊही शकत नाही. कुठल्या सिनेमात कुणाच्या पात्राचं नाव काय, असल्या प्रश्नाखाली खणलं तरी काही निघत नाही, ते एक उत्तर आहे आणि तेवढंच आहे, बघा, हसा, सोडून द्या. उलट काही उत्तरं तर पाठ करणाऱ्याला तोंडघशी पाडतात. ग्रह किती? ऑगस्ट 2006 पर्यंत नऊ, मग प्लूटोला काढलं, आठ. राज्यं किती? तेलंगणा झालं तेव्हा 2014 ला 29, जम्मू-काश्मीर केंद्रशासित झाल्यावर 2019 ला परत 28. का बदललं हे माहीत असलेल्याला काही फरक पडत नाही, नुसता आकडा पाठ केलेला मात्र जुनं पुस्तक काढून भांडत बसतो.

हिंदी केबीसीचा 2019 चा सीझन महाराष्ट्राला तरी विसरता येणार नाही. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे, शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या, महिना दीड हजार रुपये. बक्षिसातून काय घेणार विचारलं तर म्हणाल्या मोबाईल. एक कोटीचा प्रश्न होता बहादूरशाह जफरच्या दरबारातला कवी, ज्याने 1857 च्या बंडाचा स्वतःचा अनुभव दास्तान-ए-गदर मध्ये लिहिला. जहीर देहलवी. बरोबर दिलं. मग सात कोटींचा प्रश्न आला, कुठल्या राज्याचे सगळ्यात जास्त राज्यपाल पुढे राष्ट्रपती झाले, आणि त्यांनी एक कोटी घेऊन खेळ सोडला.

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण याचं उत्तर पाठ कुणीच केलेलं नसतं, जोडावं लागतं. राजस्थान म्हणाल तर आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील तिथे राज्यपाल होत्या. आंध्र किंवा पंजाब म्हणाल तर शंकरदयाळ शर्मा, जे महाराष्ट्राचेही राज्यपाल होते. पण बिहारचे दोन निघतात, झाकीर हुसेन आणि रामनाथ कोविंद. चुकीच्या प्रत्येक वाटेवर एक राष्ट्रपती भेटतो की नाही?

तयारी करणाऱ्यांचं काय, तर अमेरिकेतला जेपर्डी बघा, 1964 पासूनचा टीव्हीवरचा क्विझ कार्यक्रम आणि पर्याय वगैरे काही नाही. 2010 मध्ये रॉजर क्रेग नावाच्या कॉम्प्युटरवाल्याने चाहत्यांनी जमवलेले जुने सगळे प्रश्न चाळून कुठले विषय परत परत येतात ते काढलं, ठरावीक दिवसांनी स्वतःलाच ते विचारत राहिला आणि एका खेळात 77,000 डॉलर काढून विक्रम केला. 2019 मध्ये जेम्स होल्झहावरने तो मोडला, एका खेळात 1,31,127 डॉलर, सलग 32 विजय. हा पठ्ठ्या मूळचा सट्टेबाज, आणि तयारी कुठे केली तर लायब्ररीच्या बालविभागात. मोठ्यांच्या जाड पुस्तकात त्याला झोप यायची, मुलांच्या पुस्तकात चित्रं असतात, नकाशे असतात, आणि हे असं का हे सोप्या भाषेत लिहिलेलं असतं.

तेहतिसाव्या खेळात तो हरला. समोर शिकागो विद्यापीठातली एक ग्रंथपाल होती, आणि तिने मास्टर्सचा प्रबंधच लिहिला होता जेपर्डीच्या प्रश्नांवर, कुठला सोपा आणि कुठला अवघड हे कॉम्प्युटरला आधीच ओळखता येईल का म्हणून.