डाग कुठे, गळती कुठे

मंडळी, इमारतीतल्या भांडणांबद्दल बोलायचं तर गळतीपासून सुरुवात करू. छताला ओल आली की खालचे वर जातात, "तुमचं बाथरूम गळतंय." वरचे म्हणतात, "आमच्याकडे सगळं ठणठणीत आहे." आणि पुष्कळदा दोघंही खरंच बोलत असतात. पाणी स्लॅबमध्ये शिरलं की भेगेतून, पाइपाच्या कडेकडेने सरकतं आणि भलतीकडेच पाझरतं. अशा वेळी कमिटी काय करते? बैठक बोलावते. ज्याचं उत्तर प्लंबरने शोधायचं, त्यावर हात वर करून मतं घेतली जातात!

त्यापेक्षा वरचं पाणी बंद करून काही दिवस डागावर लक्ष ठेवा. ओल कमी झाली, तर दाबाखालच्या, म्हणजे नळांना पाणी आणणाऱ्या पाइपाचा संशय घ्या. नाही झाली, तर मोरीचं तोंड बंद करून फरशीवर रंगीत पाणी साठवा आणि दिवसभर वाट बघा. ओल फक्त पावसाळ्यातच येत असेल, तर बाहेरची भिंत किंवा गच्ची तपासा. मात्र चाचणीच्या आधीच कागदावर लिहून घ्या: दोष घरातल्या पाइपात निघाला तर खर्च कुणाचा, सामाईक पाइपात निघाला तर कुणाचा. निकाल लागल्यावर हे ठरवायला बसलात, तर ज्याच्यावर खर्च येतो त्याला चाचणीच मान्य नसते.

आवाजाचं प्रकरण अधिक चिवट. गप्पा, टीव्ही यांचा आवाज हवेतून येतो. खुर्ची ओढल्याचा, मूल धावल्याचा आवाज थेट स्लॅबमधून उतरतो. लोक मोबाईलवर डेसिबल मोजून आणतात. पण सरासरी आकड्यात क्षणभराचा धप्पकन आवाज विरून जातो, आणि झोप मोडते ती त्यानेच. शिवाय हे मोजमाप सरळ पट्टीचं नाही: 10 डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते, कानाला मात्र आवाज साधारण दुप्पट वाटतो. स्लॅबमधून उतरणाऱ्या आवाजावर उपाय जिथे तो निघतो तिथेच, म्हणजे वरच्यांच्या घरात करावा लागतो. म्हणून मागणी नेमकी हवी. "मुलांना आवरा" म्हटलं की भांडण पेटतं. "खुर्च्यांच्या पायांना फेल्ट (जाड, मऊ कापडाच्या चकत्या) लावाल का?" हे विचारता येतं. फेल्ट आपणच विकत आणून दिलं, तर आणखी सोपं.

आता कमिटीशीच वाद असेल तेव्हा. इथे कमिटी स्वतः पक्षकार असते, तरी निवाडाही तीच करते. दुरुस्तीचं कंत्राट कुणाला आणि का दिलं, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: "मग तुम्हीच या ना कमिटीवर!" (हे उत्तर नाही, हे कमिटीच्या थकव्याचं प्रमाणपत्र आहे. बिनपगारी काम करणाऱ्यांचा तो थकवा खरा असतो, हेही मान्य.) आलेली सगळी दरपत्रकं, इतिवृत्त आणि हिशेब आधीच उघडे ठेवले, तर असे निम्मे प्रश्न उठतच नाहीत. उरलेल्यांसाठी कमिटीबाहेरच्या, दोन्ही बाजूंना चालणाऱ्या माणसाला बसवावं.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचा विषय होता सामाईक जंगलं, मासेमारी, कालव्यांचं पाणी, इमारती नव्हे. पण दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांमध्ये त्यांना जे आढळलं, ते जिन्यालाही लागू पडतं: नियम ज्यांना पाळायचे, त्यांना ते बदलण्यात वाटा असतो, दंड लहानापासून सुरू होऊन चढत जातो, आणि तंटा सोडवायला जवळची, स्वस्त जागा असते. आपल्याकडे पहिल्याच चुकीला लिफ्टशेजारी नावासकट नोटीस लागते. त्यानंतर चढायला पायरीच उरत नाही. आधी दार वाजवा, मग खासगी पत्र लिहा, दंड त्याच्याही नंतर.

मध्यस्थाने दोघांना आधी वेगवेगळं ऐकावं, मग समोरासमोर बसवावं. जे ठरेल ते तारखेसह लिहावं आणि महिन्याभराने पुन्हा बघावं. पण धमकी, मारहाण, विजेच्या वायरींतून उडणाऱ्या ठिणग्या किंवा तडे गेलेला खांब असेल, तर मध्यस्थ शोधत बसू नका. पोलीस, अग्निशमन दल किंवा इंजिनिअर, ज्याची गरज असेल त्याला त्याच दिवशी बोलवा.