कर्णाचे तीन तुकडे

श्रोतेहो, नमस्कार. एखादी कादंबरी हातोहात का खपते, हा आजचा विषय. प्रकाशक म्हणतात जाहिरातीमुळे, समीक्षक म्हणतात लोकांना चवच नाही म्हणून. मी म्हणतो, आधी आमच्या वाचनालयाची गोष्ट ऐका.

साल १९७४. कर्णावरची शिवाजी सावंतांची कादंबरी 'मृत्युंजय' १९६७ची, म्हणजे येऊन सात वर्षं झालेली. तरी वाचनालयात प्रत एकच, आणि नंबर लावणाऱ्यांची यादी वहीच्या दुसऱ्या पानावर गेलेली. हातोहाती फिरून तो ठोकळा शेवटी उसवला. ग्रंथपालांनी काय करावं? दाभण-दोरा घेतला आणि पुस्तकाचे तीन तुकडे करून वेगवेगळे शिवले. एका वेळी तीन घरं वाचणार! हल्ली पुस्तकं शिवतात कुठे, नुसती चिकटवतात. दोनदा उघडलं की पानं हातात. असो.

आईच्या वाट्याला मधला तुकडा आला, शेजारच्या काकूंकडे शेवटचा. रोज नळावर वाद.

"वहिनी, पुढचं सांगू नका हं!"

"अहो, कर्ण मरतो हे काय मी सांगायला हवं?"

"मरतो ते ठाऊक आहे हो. कृष्ण ते कसं सांगतो, ते मला वाचायचंय."

ऐकलंत? शेवट ठाऊक आहे, तरी वाचायचंय. कीर्तनात शंभरदा ऐकलेला शेवट, तरी वाचायचंय. कर्ण, कुंती, दुर्योधन, कर्णाची बायको वृषाली, त्याचा भाऊ शोण आणि कृष्ण असे सहा जण त्या कादंबरीत आपापल्या तोंडाने बोलतात. म्हणून तर मधूनच सुरुवात करूनही आईचं काही अडलं नाही. वृषाली मन मोकळं करायला लागली, की आई ऐकत बसायची.

बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार हा त्यांचा एक नायक. आमच्याकडे कथेचं नाव कुणी विचारत नसे, "नवा झुंजार आला का?" एवढंच. माणूस ओळखीचा हवा. आणि त्याच्याबद्दल बोलायला एक नळ हवा. जाहिरातीवर पहिली आवृत्ती खपेलही, पुढच्या आवृत्त्या नळावरच खपतात.

दिवाळीनंतर तिन्ही तुकडे परत आले. शिवायला घेताना ग्रंथपालांनी मधला नाकाशी नेला. रॉकेलचा वास! त्यांनी चष्म्यावरून आईकडे पाहिलं.

"स्टोव्हपाशी वाचत होते," आई म्हणाली. "वरण दोनदा करपलं, त्याचा दंड मी कुणाकडे मागू?"