चकाकी रंगाच्या खाली असते

[दृश्य: पेंटबॉल मार्करची, म्हणजे रंगाच्या गोळ्या झाडणाऱ्या खेळातल्या बंदुकीची, लाल बॉडी, अगदी जवळून. कडांचा रंग उडालाय, आतला पांढुरका धातू दिसतोय.]

अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या जंगलात 1981 साली पेंटबॉलचा पहिला डाव झाला, तो झाडांवर आणि गुरांवर खुणा करायच्या पिस्तुलांनी. आजचे मार्कर बहुतेक ॲल्युमिनियमचे असतात, झळझळीत रंगांचे. पण बंकरला, म्हणजे मैदानातल्या आडोशाला, घासून आणि मातीत लोळून दोन-तीन हंगामांत कडा अशा होतात.

रबिंग कंपाउंड, म्हणजे चमक आणायची पेस्ट, चोळलं की रंग परत उजळेल, असं अनेकांना वाटतं. तो उजळत नाही, उलट होता तोही जातो. कारण हा रंग वरून फासलेला नसतो, ॲनोडायझिंगने दिलेला असतो.

[दृश्य: ॲसिडच्या टाकीत तारेला लटकवलेला भाग, भोवती बारीक बुडबुडे.]

ॲनोडायझिंग करताना भाग सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बुडवून डीसी करंटच्या धन टोकाला जोडतात. धातूच्या अंगातूनच ऑक्साइडचा थर तयार होतो. सजावटीच्या कामात तो साधारण 5 ते 25 मायक्रॉनचा असतो, कडक पण पारदर्शक. त्यातल्या असंख्य सूक्ष्म छिद्रांत रंग शिरतो आणि उकळत्या पाण्यात छिद्रांची तोंडं मिटतात. थरच पारदर्शक, म्हणजे खालचा प्रत्येक ओरखडा रंगाआडून दिसणार. झाकून घेण्याचं काम ॲनोडायझिंग करत नाही. म्हणून मार्कर नव्याने रंगवायचा तर खरी मेहनत रंगाच्या आधीची: जुना थर उतरवून धातू घासायची.

[दृश्य: सुटे भाग कापडावर मांडलेले.]

आधी हवेची बाटली काढायची, आत अडकलेली हवा सुरक्षित दिशेला सोडायची, मगच पाना हातात घ्यायचा. ओ-रिंग (हवा अडवणाऱ्या रबरी कड्या), स्प्रिंगा, स्क्रू सगळं बाहेर. बाटली मात्र या कामात येतच नाही. तिच्यात 3000 किंवा 4500 पीएसआय दाबाची हवा भरतात. तिला ना कॉस्टिक, ना बफ (पॉलिशचं कापडी चाक), ना उष्णता. इथे हौस चालत नाही.

जुना थर उतरवायला कॉस्टिक सोड्याचं पातळ द्रावण. हातमोजे आणि चष्मा घालून, उघड्या हवेत. भाग बुडवल्यावर सुरुवातीला फारसं काही घडत नाही. मग लाल रंग ढगासारखा सुटू लागतो आणि पाठोपाठ जोरात फेस येतो. हा फेस हायड्रोजनचा. थर संपला, आता सोडा धातू खातोय, असा त्याचा अर्थ. तिथेच भाग उचलायचा. आणखी थोडं राहू दे म्हणणाऱ्याचे आटे ढिले होतात आणि ओ-रिंग हवा धरत नाही. बाहेर काढल्यावर अंगावर काळी काजळी दिसते. ती मिश्रधातूतल्या तांबं, सिलिकॉनसारख्या घटकांची, सोड्यात न विरघळलेली. कारखान्यात ती नायट्रिक ॲसिडने काढतात.

[दृश्य: ओला वॉटर पेपर, ठोकळ्यावर गुंडाळलेला. फक्त घासण्याचा आवाज.]

आता 320 नंबरचा पेपर, मग 400, 600, 800, असं करत 2000 पर्यंत. पेपर बदलला की घासण्याची दिशाही बदलायची. आधीच्या पेपरचे आडवे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत पुढचा नंबर घ्यायचा नाही. कंटाळा येतो तो इथेच, आणि बफवर चमकलेल्या भागात नंतर जी एखादी चुकार रेघ दिसते ती याच कंटाळ्याची. सपाट बाजूला ठोकळा हवाच. बोटाने घासलं की कोर मारली जाते आणि कोरलेली अक्षरं पुसट होतात.

बफचं चाकही भोकांवर नीट सांभाळावं लागतं. एकाच दिशेने दाबलं तर भोकाच्या काठापासून शेपटीसारखी ओढ उमटते. आणि ज्या नळीत बोल्ट, म्हणजे गोळी पुढे ढकलणारा दांडा, सरकतो ती आतून चकचकीत करायचा मोह टाळायचा. तिथली मापं चकाकीसाठी ठरवलेली नसतात.

[दृश्य: आरशासारखी बॉडी.]

ही अशीच ठेवली तर हाताळून काळवंडते आणि पुन्हा पुन्हा पॉलिश मागते. ॲनोडायझिंगला द्यायची तर बफवर लावलेल्या कंपाउंडचा मेणचट अंश पूर्ण काढून द्यायची, नाहीतर रंगात डाग पडतात. कारखान्यात रंगाआधी भाग बहुधा कॉस्टिकमध्ये एच करतात, म्हणजे वरचा धातू किंचित खाऊ देतात. त्याने आरसा मॅट होतो, तेव्हा हे आधीच बोलून घ्यावं. एकाच मार्करचे भाग एकाच खेपेत द्यावेत. तरीही बॉडी आणि रेग्युलेटर (हवेचा दाब नेमका ठेवणारा भाग) वेगळ्या मिश्रधातूचे असले, तर लाल दोन छटांचा निघू शकतो.