आधी मेन कॉक कुठं आहे ते बघा

(नव्यानं प्लंबिंगचा धंदा सुरू करणाऱ्या मुलांसमोर बेळगावात एका मंडळाच्या हॉलमध्ये केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

नमस्कार. मागची पोरं पुढं या की, मला माईकवर बोलायची सवय नाही. मंडळाची माणसं म्हणाली, अनुभव सांगा. अनुभव म्हणजे काय, बावीस वर्षं लोकांच्या बाथरूममध्ये उकिडवा बसलोय, तोच सांगतो.

तुमच्यातले काही जण आयटीआयची एक वर्षाची ट्रेड करून आलाय, बाकीचे कुणाच्या तरी हाताखाली हेल्परकी करून. मी हेल्परकीतला. उस्तादाबरोबर दीड वर्ष फिरलो. त्या दीड वर्षात मला तीन गोष्टी आल्या. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाईपला आटे पाडायचे, जोड गळू नये म्हणून त्यावर सुतळी-सफेदा गुंडाळायचा आणि गवंड्याशी भांडायचं. मग पैशावरून उस्तादाशी वाजलं आणि तेवढ्या विद्येवर मी स्वतःची पिशवी घेऊन बाहेर पडलो. त्यामुळं "अनुभव कमी आहे, सुरू करू का" असं मला विचारू नका. आम्ही सगळ्यांनी तसंच केलंय. आपल्याला कुठपर्यंत येतं आणि कुठून पुढं येत नाही, एवढं मात्र स्वतःशी खोटं न बोलता ठरवा.

सुरुवातीला छोटी कामं येतात. वायसर बदलणे, फ्लशच्या टाकीतनं पाणी गळणे, टाकी भरली की पाणी बंद करणारा बॉल कॉक अडकणे, सिंक तुंबणे. ही कामं सोपी, म्हणून नवखा माणूस तिथंच मार खातो. अँगल कॉकचंच घ्या, भिंतीतनं येणाऱ्या लाईनीला लावतात तो छोटा कॉक. शहापूर, खासबागेकडं जुन्या घरांत अजून भिंतीत जीआय लाईन आहे. बाहेरनं कॉक चकचकीत दिसतो, आत निप्पल, म्हणजे आट्यांचा जोडतुकडा, गंजून कागद झालेला असतो. तुम्ही पाना लावता, एक फिरकी देता, आणि निप्पल भिंतीत मोडून कॉक हातात येतो. पाण्याची धार समोरच्या भिंतीवर. घरातली वहिनी ओरडतेय, आणि तुम्ही विचारताय, "मेन कॉक कुठाय?" तिला माहीत नाही. मालक फाउंड्रीत ड्युटीला. टाकीवर धावत गेला तर गेट व्हॉल्व्ह दहा वर्षांत कुणी फिरवलेला नाही, तो जाम.

म्हणून घरात पाय ठेवला की पिशवी उघडायच्या आधी गच्चीवर जा. व्हॉल्व्ह बंद करून बघा, खाली नळ सोडून पाणी खरंच थांबतंय का ते बघा. थांबत नसेल तर आधी त्याचं बोला, मग कामाचं. मालक म्हणेल, एवढ्याशा वायसरला काय नखरे. म्हणू दे.

आता माझी चूक सांगतो, कारण मला त्यातनंच अक्कल आली. धंदा काढून आठ-नऊ महिने झाले असतील. टिळकवाडीत एका रिटायर्ड मास्तरांच्या घरी बाथरूम नवीन करायचं काम मिळालं. कन्सील्ड, म्हणजे भिंतीत पुरलेली लाईन, गरम-थंड मिक्सर, सोलरचं कनेक्शन. सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्यालाही चालणारा प्लॅस्टिकचा पाईप, तेव्हा आपल्याकडं नवीन होता आणि मी तो लांबनंच बघितलेला. पण "येत नाही" म्हणायची लाज. हो म्हणालो. आटे पाडायचे नाहीत, नुसतं सोल्युशन लावून दाबायचं, त्यात काय एवढं, असं वाटलं.

त्यात बरंच असतं. पाईप काटकोनात कापायला लागतो, कडेचा बुरा काढायला लागतो, पाईपला आणि फिटिंगला दोन्हीकडं सोल्युशन लावायचं, घुसवताना पाव फेरा फिरवायचा आणि तसाच धरून ठेवायचा. सोडला की तो हळूच मागं सरकतो. मी हॅक्सॉनं तिरका कापला, दाबला आणि लगेच पुढच्या एल्बोकडं वळलो. टेस्टिंग पंप माझ्याकडं नव्हता. लाईन भरून, पंपानं दाब देऊन, घड्याळ लावून काटा उतरतोय का बघायचं, हे मी केलंच नाही. टाइल्सवाला घाई करत होता. नळ सोडून बघितला, गळत नव्हतं, भिंतीतली झिरी बुजवली.

दीड महिन्यानं मास्तरांचा फोन. हॉलच्या भिंतीचा रंग फुगलाय. मी म्हणालो पावसाची ओल असेल, जून होता ना. पाऊस गेला तरी ओल वाढतच गेली. शेवटी मिक्सरखालच्या अकरा टाइल्स फोडल्या. एका एल्बोमधनं थेंब थेंब. थेंब किती, दोन मिनिटांत एक असेल. तेवढ्यानं अख्खी भिंत खाल्ली. त्या टाइल्सचा तोच लॉट बाजारात मिळेना, शेड जुळेना, म्हणून ती पूर्ण बाजू नवीन लावली. मजुरीचे मला मिळाले होते चार हजार, खिशातनं गेले नऊ. मास्तर शिव्या देतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "येत नव्हतं तर सांगायचं होतंस की. तुझा उस्ताद बोलावला असता." शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी काय केलं? ज्याच्याशी वाजलं होतं त्याच उस्तादाकडं पेढे घेऊन गेलो. कन्सील्डचं काम मिळालं की त्यांना घेऊन जायचो, मजुरी त्यांची, हेल्पर मी. दोन वर्षं असं चाललं. गिऱ्हाईक माझं, हात त्यांचा. यात कमीपणा नाही रे बाबांनो. येत नसलेलं काम हेल्परकी करत शिकायला मिळतंय.

आपल्या गावच्या पाण्याबद्दल थोडं. पुस्तकातलं प्लंबिंग आणि बेळगावचं प्लंबिंग यात फरक आहे. राकसकोप आणि हिडकलचं पाणी शहराला येतं, पण सगळ्या भागांत ते रोज येत नाही. म्हणून प्रत्येक घरात खाली संप म्हणजे जमिनीतली टाकी, वर गच्चीवरची टाकी, मध्ये मोटर, आणि जुन्या घरांत शिवाय आड, म्हणजे विहीरही. आडाची लाईन आणि नळाची लाईन एकाच टाकीत सोडली असेल तर मध्ये एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, आहे का बघा, नाहीतर मोटर चालू केली की आडाचं पाणी उलटं सरकारी लाईनीत शिरतं. हे मी डोळ्यानं बघितलंय. एनआरव्हीवर बाण असतो, तो बघून बसवा. हसू नका, उलटा बसवणारेही बघितलेत.

सौंदत्ती-अथणीकडं कामाला गेलात तर बोअरचं जड पाणी. तिथं नळाची जाळी पांढऱ्या खड्यानं बंद होते आणि लोक म्हणतात प्रेशर नाही. जाळी काढून झाडा, पाच मिनिटांचं काम आहे. पण बाथरूमच्या डोक्यावरच टाकी असताना मोठा शॉवर आणला असेल, तर प्रेशर खरंच नसतं. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो दाब मिळतो. तुमची टाकी शॉवरच्या वर तीन मीटर, म्हणजे जेमतेम ०.३ किलो. शोरूमवाला हे सांगत नाही. तुम्ही बसवायच्या आधी सांगितलं तर तुम्ही जाणते, बसवल्यावर सांगितलं तर बहाणेबाज.

भाषेचं म्हणाल तर, अर्धी गिऱ्हाइकं कन्नड बोलणारी, काही उर्दू. "नळ सोरतैती" म्हणजे नळ गळतोय, एवढं तरी फोनवर कळलं पाहिजे. सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. तुंबलेला संडास तेवढा थांबत नाही.

पैशाचं. मजुरी आधी बोला, आणि काय काय करणार ते कागदावर लिहून द्या, व्हॉट्सअॅपवर चालेल. हार्डवेअरवाला तुम्हाला कमिशन देईल, तो रिवाज आहे. घ्यायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. मी घेत नाही असं म्हणणार नाही. पण कमिशन जास्त म्हणून हलका बॉल व्हॉल्व्ह गळ्यात मारू नका, तो गळायला लागला की फोन दुकानदाराला जात नाही.

कागदपत्रांचं पटकन सांगतो. बांधकाम कामगारांच्या मंडळात प्लंबरची नोंदणी होते, वय १८ ते ६० आणि वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. छोट्या धंद्याची उद्यम नोंदणी फुकट आहे, कुणाला पैसे देऊ नका. कारागिरांसाठीच्या केंद्राच्या विश्वकर्मा योजनेबद्दल तिघांनी विचारलं, त्यातल्या अठरा धंद्यांत गवंडी आहे, प्लंबर नाही. मलाही वाईट वाटलं. मुद्राचं शिशु कर्ज ५० हजारांपर्यंत मिळतं, त्यात टेस्टिंग पंप, ड्रिल आणि चांगले पाने येतात. पंप आधी घ्या.

एकानं चिठ्ठी पाठवलीय. "व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, पाईपात थेंब येत राहतो, सोल्युशन धरत नाही, काय करायचं?" छान प्रश्न. बेकरीतनं पाव आणायचा. कडा काढून आतला मऊ भाग पाईपात थोडा आत ढकलायचा, पाईप पुसून कोरडा करायचा आणि जोड मारायचा. पाव थेंब धरून ठेवतो, नंतर पाणी सोडलं की विरघळून बाहेर येतो. पण त्याआधी त्या लाईनीवरच्या नळांची जाळी काढून ठेवा, नाहीतर पाव जाळीत अडकेल आणि वहिनी म्हणतील नवीन प्लंबरनं नळात काय घातलं.

पाव आणलाय. पाईप पण आहे. कोण येतंय पुढं? तू ये, निळा शर्ट. आधी सांग, मेन कॉक कुठं आहे?