मेमोतील एक ओळ
रेल्वे अपघातातील नुकसानभरपाईविषयीच्या लघु माहितीपटाचे निवेदन

[दृश्य : सकाळची वेळ. नाशिकरोड स्थानकाच्या फलाटावर मनमाडकडून आलेली गाडी थांबते आणि दारांतून माणसे उतरू लागतात.]

सकाळच्या गाड्यांनी नाशिकरोडला उतरणाऱ्यांत रोज अप-डाऊन करणाऱ्यांची संख्या मोठी असते. लासलगाव, निफाड, कसबे सुकेणे, खेरवाडी अशा गावांतून निघालेली ही माणसे पुढे सिटी बसने किंवा रिक्षाने सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडे, कचेऱ्यांकडे आणि महाविद्यालयांकडे पांगतात. खिशात मासिक पास आणि पाठीवरच्या पिशवीत जेवणाचा डबा एवढा त्यांचा प्रवासाचा सरंजाम असतो. गाडी भरलेली असेल, तर यांतले बरेचजण दारापाशीच उभे राहतात, कारण आत पाय ठेवायला जागा उरलेली नसते.

यांच्यापैकी एका माणसाची आपण कल्पना करू. तो निफाडहून अंबडला जाणारा चाळिशीतला फिटर आहे. ओढा स्थानक मागे पडल्यावर डब्यात रेटारेटी होते, दाराच्या दांड्यावरची त्याची पकड सुटते आणि तो धावत्या गाडीतून खाली पडतो. त्याचा जीव वाचतो, पण डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागतो. हा माणूस काल्पनिक आहे. त्याच्यापुढे उभे राहणारे प्रश्न मात्र दरवर्षी अनेक घरांपुढे खरोखर उभे राहतात.

[दृश्य : ओढा आणि नाशिकरोड यांच्यामधला लोहमार्ग. कडेला द्राक्षबाग.]

अशा वेळी घरचे लोक रुग्णालयाकडे धाव घेतात आणि ते साहजिकच आहे. परंतु त्याच तासाभरात दुसरीकडे एक कागद लिहिला जात असतो. माणूस रुळांच्या कडेला पडला आहे अशी खबर मिळाली, की स्थानक अधीक्षक लोहमार्ग पोलिसांना लेखी सूचना देतात. बोलीत तिला सगळे मेमो म्हणतात. त्या मेमोत ‘अमुक गाडीतून पडून जखमी’ असे लिहिले गेले, तर पुढचा दावा एका वाटेने जातो. ‘रूळ ओलांडताना गाडीची धडक बसून जखमी’ असे लिहिले गेले, तर तो दुसऱ्याच वाटेने जातो, आणि ती वाट फार खडतर आहे.

या फरकाचे मूळ कायद्यात आहे. रेल्वे अधिनियम, १९८९ मध्ये भरपाईची दोन प्रमुख कलमे आहेत. गाड्यांची टक्कर झाली किंवा गाडी रुळांवरून घसरली, तर कलम १२४ लागू होते. ३ एप्रिल २०२२ रोजी लहवित आणि देवळाली यांच्यामध्ये लोकमान्य टिळक टर्मिनसहून जयनगरला निघालेल्या पवन एक्स्प्रेसचे डबे घसरले, तो या कलमाच्या कक्षेत बसणारा प्रकार होय. अशा अपघाताची बातमी होते, अधिकारी धावून येतात आणि चौकशी बसते. एकटा माणूस गाडीतून पडतो, तेव्हा यांतले बहुतेक काहीच घडत नाही. त्याच्यासाठी कलम १२४-अ आहे. हे कलम १ ऑगस्ट १९९४ पासून अमलात आले आणि त्याने ‘अनुचित घटना’ या संज्ञेखाली प्रवाशाचे गाडीतून अपघाताने पडणे भरपाईस पात्र ठरवले. गाडीत किंवा स्थानकाच्या आवारात झालेला दहशतवादी हल्ला, दरोडा, दंगल, जाळपोळ यांतील बळी आणि जखमीही याच संज्ञेत येतात. वैध फलाट तिकीट घेऊन कोणाला सोडायला आलेल्या माणसालाही हे संरक्षण आहे.

या कलमातील सर्वांत मोलाची गोष्ट लोकांना माहीतच नसते, असा आमचा अनुभव आहे. या दाव्यात रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. रेल्वेने काही गैर केले असो वा नसो, प्रवासी अपघाताने गाडीतून पडला एवढे ठरले, की भरपाईचे दायित्व येते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली प्रभाकरन विजयकुमार प्रकरणात हे तत्त्व स्पष्ट शब्दांत मांडले आणि चालत्या गाडीत चढताना पडणे हीसुद्धा अनुचित घटनाच असल्याचे सांगितले. ‘चूक आपल्याच माणसाची, मग कोणत्या तोंडाने मागायचे’ असे म्हणून गप्प बसणाऱ्या घरांनी हे वाक्य पुन्हा पुन्हा ऐकावे, असे आम्हांला मनापासून वाटते.

[दृश्य : रुग्णालयाचा व्हरांडा. बाकावर बसलेल्या बाईच्या मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी. तिच्यात केस पेपर, औषधांच्या पावत्या आणि नवऱ्याचे पाकीट.]

आता आपल्या फिटरकडे परत येऊ. शस्त्रक्रियेनंतर तो शुद्धीवर येतो आणि जबाब घेण्यासाठी हवालदार येतात. हे हवालदार लोहमार्ग पोलिसांचे, म्हणजे राज्य सरकारचे असतात. रेल्वे सुरक्षा बल वेगळे. ते रेल्वेचे स्वतःचे दल असून अनुचित घटनेची खातेनिहाय चौकशी करून विभागीय रेल्वे व्यवस्थापकांना अहवाल देण्याचे काम त्याच्याकडे असते. नाशिकरोड स्थानक भुसावळ विभागात येते, त्यामुळे हा अहवाल भुसावळला जातो. दोन्ही खाकी वर्दीतले असल्याने घरच्यांचा गोंधळ होतो आणि एकाला जबाब दिला म्हणजे काम झाले, असे ते समजतात. जबाब दोन्हीकडे द्यावा लागू शकतो आणि दोन्ही जबाब एकमेकांशी जुळले पाहिजेत. कोणती गाडी, कोठून कोठवर प्रवास, पास कधीपर्यंतचा, कोठे उभा होता, कसा पडला, हे सारे घडले तसे सांगावे आणि सही किंवा अंगठा देण्यापूर्वी लिहिलेले वाचून घ्यावे. वेदनेत आणि औषधांच्या गुंगीत असलेला माणूस ‘हो, हो’ म्हणतो आणि त्या होकाराचा अर्थ त्याला पुढे दोन वर्षांनी कळतो. जबाब देण्याची स्थिती नसेल, तर डॉक्टरांकडून तसे लिहून घ्यावे आणि मग शांतपणे जबाब द्यावा.

मेमोत चुकीची नोंद झाली म्हणजे सगळेच संपले, असे नाही. मेमो लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने अपघात स्वतः पाहिलेला नसतो; त्याच्याकडे आलेली खबर तो नोंदवत असतो. त्या डब्यातील सहप्रवाशांचे जबाब, जखमांचे स्वरूप आणि गाडीची वेळ यांवरून खरी हकीकत न्यायाधिकरणापुढे ठेवता येते. रोजच्या गाडीतली मंडळी एकमेकांना चेहऱ्याने ओळखतात. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच डब्यात भेटतात, आणि हाच अप-डाऊन करणाऱ्यांचा सर्वांत मोठा आधार आहे. त्यांचे दूरध्वनी क्रमांक पहिल्याच आठवड्यात लिहून ठेवले पाहिजेत.

[दृश्य : तडा गेलेला मोबाइल संच. शेजारी फाटके पाकीट.]

दाव्याच्या सुनावणीत रेल्वेकडून बहुधा चार बचाव घेतले जातात. पहिला बचाव तिकिटाचा असतो. पाकीट गहाळ झालेले असते, किंवा तिकीट मोबाइलमध्ये असते आणि मोबाइल रुळांवर फुटलेला असतो. ९ मे २०१८ रोजी रीना देवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याचा सविस्तर विचार केला. जखमी किंवा मृत व्यक्तीजवळ तिकीट सापडले नाही एवढ्यावरून ती प्रामाणिक, म्हणजे वैध तिकिटावर जाणारी, प्रवासी नव्हती असे ठरत नाही. दावेदाराने घटनेची हकीकत प्रतिज्ञापत्रावर मांडली, की त्याच्यावरचा पुराव्याचा प्राथमिक भार उतरतो आणि ती हकीकत खोडण्याची जबाबदारी रेल्वेवर येते. मात्र त्याच निकालात असेही म्हटले आहे, की केवळ रेल्वेच्या हद्दीत मृतदेह सापडला म्हणून तो प्रवाशाचाच होता, असेही गृहीत धरता येणार नाही. म्हणून आरक्षित तिकिटाचा पीएनआर क्रमांक, अ‍ॅपवरून काढलेल्या तिकिटाचा नोंदवलेला मोबाइल क्रमांक आणि पासावरील ओळखपत्राचा क्रमांक जपून ठेवावा. त्यांच्या आधारे रेल्वेच्याच नोंदींतून प्रवासाचा पुरावा मागता येतो. एक इशारा येथे दिलाच पाहिजे : ऑनलाइन काढलेले तिकीट तक्ता तयार झाल्यावरही पूर्णपणे प्रतीक्षा यादीतच राहिले, तर ते आपोआप रद्द होते, आणि अशा तिकिटावर केलेला प्रवास वैध प्रवास ठरत नाही.

दुसरा बचाव निष्काळजीपणाचा असतो. प्रवासी दारात उभा होता, म्हणून त्याने इजा स्वतःच ओढवून घेतली, असे सांगितले जाते. २०१० च्या जमीला प्रकरणात न्यायालयाने उघड्या दारापाशी उभे राहणे निष्काळजीपणाचे असेल, पण तो गुन्हेगारी स्वरूपाचा प्रकार नव्हे, असे म्हटले. रीना देवी निकालाने त्यापुढे जाऊन सांगितले, की स्वतःला इजा करून घेण्याचा हेतू असल्याखेरीज ती स्वतः ओढवून घेतलेली इजा ठरत नाही. आमच्या फिटरला हे दोन निकाल तारून नेऊ शकतात. तिसरा बचाव नशेचा आणि चौथा रूळ ओलांडल्याचा. नशेच्या अवस्थेत स्वतःच्या कृतीने ओढवलेली इजा, आत्महत्येचा प्रयत्न, स्वतःचे गुन्हेगारी कृत्य आणि नैसर्गिक आजार यांना कलम १२४-अ मधून वगळलेले आहे. रूळ ओलांडणारा माणूस तर या कलमाच्या अर्थाने प्रवासीच राहत नाही. उलट रूळ ओलांडणे हा कलम १४७ खाली अपराध आहे. पहिल्या मेमोतील एका ओळीवर एवढे अवलंबून असते, ते यामुळेच.

[दृश्य : भिंतीवरचे कालनिर्णय. एका तारखेभोवती शाईने केलेले वर्तुळ.]

हा दावा जिल्हा न्यायालयात चालत नाही. रेल्वे दावा न्यायाधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये त्यासाठी स्वतंत्र न्यायाधिकरण असून महाराष्ट्रात त्याची खंडपीठे मुंबई आणि नागपूर येथे आहेत. अपघाताच्या तारखेपासून एक वर्षाच्या आत अर्ज दाखल करावा लागतो. सबळ कारण असेल, तर न्यायाधिकरण उशीर माफ करू शकते, परंतु त्या माफीवर कोणी विसंबू नये. पाय गमावलेल्या माणसाचे पहिले वर्ष शस्त्रक्रिया, ड्रेसिंग, जयपूर फूटचे माप आणि कुबड्यांवर तोल सावरणे यांतच सरते. निकाल विरुद्ध गेला, तर नव्वद दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते.

रकमा नियमांतच ठरलेल्या आहेत. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूसाठी आठ लाख रुपये मिळतात. दोन्ही हात गेले किंवा एक हात आणि एक पाऊल गेले, तरी तेवढीच रक्कम मिळते. एका हाताचा पंजा गेल्यास चार लाख ऐंशी हजार आणि अंगठा गेल्यास दोन लाख चाळीस हजार रुपये अशी अनुसूची आहे. ती वाचताना मन विषण्ण होते, कारण पायाच्या बाबतीत गुडघ्याखाली किती इंच भाग उरला, यावर रक्कम बदलते. म्हणून ‘डावा पाय कापला’ एवढेच लिहिलेले डिस्चार्ज कार्ड घेऊन घरी जाऊ नये. उरलेल्या भागाची लांबी मोजून ती कागदावर नोंदवून देण्याची विनंती शल्यचिकित्सकांना करावी. पुढे दिव्यांगत्व प्रमाणपत्र काढतानाही तीच नोंद कामी येते.

या भरपाईखेरीज रेल्वे सानुग्रह रक्कमही देते. सप्टेंबर २०२३ मधील सुधारणेनुसार अनुचित घटनेत मृत्यूसाठी दीड लाख, गंभीर जखमेसाठी पन्नास हजार आणि किरकोळ जखमेसाठी पाच हजार रुपये दिले जातात. ही तातडीची मदत आहे. ती स्वीकारल्याने दाव्याचा हक्क जात नाही. पैसे मिळाले म्हणजे प्रकरण मिटले, अशी समजूत कोणी करून देत असेल, तर ती चुकीची आहे. ऑनलाइन आरक्षण करताना पंचेचाळीस पैशांचा विमा घेतलेला असेल, तर त्याचा दावा विमा कंपनीकडे स्वतंत्रपणे करायचा असतो.

[दृश्य : लासलगाव परिसरातील लोहमार्ग. धुक्यात काम करणारी माणसे.]

रुळांवर काम करणाऱ्यांची गोष्ट निराळी आहे आणि ती सांगितल्याशिवाय नाशिक जिल्ह्याचे चित्र पुरे होत नाही. १३ फेब्रुवारी २०२३ रोजी पहाटे लासलगावजवळ ओव्हरहेड वायरच्या देखभालीसाठी वापरल्या जाणाऱ्या टॉवर वॅगनखाली चार ट्रॅकमन मृत्युमुखी पडले. रुळांवर राबणाऱ्या कामगारांना तेव्हा कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ चा आधार होता; २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे. जुन्या अधिनियमात दाव्याची मुदत दोन वर्षांची होती, आणि भरपाई देय झाल्यापासून महिन्याभरात दिली नाही, तर मालकावर बारा टक्के व्याज बसत असे. कंत्राटदाराकडून आलेल्या मजुराच्या भरपाईची जबाबदारीही मुख्य मालकावर टाकता येते. ठेकेदार पळून गेला म्हणून हात हलवत परत जाण्याचे कारण नाही.

[दृश्य : नाशिकमधील जिल्हा न्यायालयाचे आवार.]

वकिलाचा खर्च झेपणार नाही, या भीतीने बरीच कुटुंबे थांबतात. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. स्त्रिया, दिव्यांग व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना कायद्याने मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. आपल्या फिटरची पत्नीसुद्धा तेथे सल्ला मागू शकते. रुग्णालयाच्या दारात भेटून ‘सगळे मी बघतो, येथे सही करा’ म्हणणाऱ्याच्या कोऱ्या कागदावर सही करण्यापेक्षा ही पायपीट शतपटीने बरी.

[दृश्य : प्राधिकरणाच्या कार्यालयातील टेबल. प्लॅस्टिकच्या पिशवीतील कागद एकेक करून बाहेर काढले जातात.]

फिटरची पत्नी पिशवी उघडते. मेमोची प्रत, दोन्ही जबाबांच्या प्रती, डिस्चार्ज कार्ड, तीन सहप्रवाशांचे क्रमांक लिहिलेली वहीची चिठ्ठी. सगळ्यांत शेवटी ती पाकिटातून निफाड ते नाशिकरोडचा पास काढते आणि त्यावरची तारीख वकीलबाईंना बोटाने दाखवते. त्या पासाची मुदत संपायला अपघाताच्या दिवशी अजून अकरा दिवस बाकी होते.