कोटा घटला की पैसे कोणाच्या हातात जातात? आयर्लंडची भरपाई आणि खलाशाचा वाटा

नमस्कार मंडळी. गेले काही आठवडे या वाहिनीवर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो आहे: युरोपात सरकार मासळी कमी पकडायला सांगते आणि वर पैसेही देते, हे खरे आहे का? हे खरे आहे. मात्र ते पैसे नेमके कशाचे असतात आणि ते कोणाला मिळतात, याबद्दल बराच गैरसमज दिसतो, म्हणून आज आयर्लंडचे उदाहरण घेऊन बोलतो.

कोटा म्हणजे काय, हे आपणांस ठाऊक आहेच: एका वर्षात एका जातीची किती टन मासळी उतरवायची याची ठरवून दिलेली मर्यादा. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर डिसेंबर २०२० मध्ये जो करार झाला, त्यानुसार संघातील देशांच्या कोट्यातला काही हिस्सा टप्प्याटप्प्याने ब्रिटनकडे गेला. आयर्लंडचे नुकसान २०२६ पर्यंत कोट्याच्या मूल्याच्या सुमारे १५ टक्के, म्हणजे वर्षाला सुमारे ४.३ कोटी युरो होईल, असा तिथला अधिकृत अंदाज होता. सर्वात मोठा फटका मॅकरेलला बसला. मॅकरेल म्हणजे आपल्या बांगड्याच्या कुळातला मासा, आणि डोनेगल परगण्यातल्या किलीबेग्स बंदराचे सगळे अर्थकारण त्याच्यावर उभे आहे.

भरपाईसाठी युरोपीय संघाने ब्रेक्झिटचा खास राखीव निधी उभारला आणि त्यातून आयर्लंडने दोन ठळक योजना चालवल्या. पहिली योजना नौका ठरावीक काळ बंदरात बांधून ठेवण्याची होती. ती २०२१ च्या शरद ऋतूत सुरू झाली. दुसरी योजना नौका कायमची मोडीत काढण्याची. तिच्यासाठी २०२२ मध्ये ६ कोटी युरोंची तरतूद झाली आणि प्रति ग्रॉस टन (हे नौकेच्या आकारमानाचे माप) कमाल १२,००० युरो देण्याचे ठरले. दोन्ही योजना मुख्यतः कॉड, हॅडक यांसारखी पांढरी मासळी पकडणाऱ्या नौकांसाठी होत्या, कारण थोड्या नौका उरल्या तर उरलेला कोटा त्यांना पुरेल, असा हिशेब होता.

आता ज्या मुद्द्यासाठी हा व्हिडिओ केला, तिकडे वळतो. न पकडलेल्या मासळीचे पैसे सरकार देते, असे अनेकांनी लिहिले आहे. तसे नाही. पैसे मासळीचे नसतात, ते नौकेचे असतात. रक्कम नौकेच्या आकारावर ठरते, अर्ज नौकेच्या मालकाने करायचा असतो आणि जमाही त्याच्याच खात्यात होते. डेकवर जाळे ओढणारा माणूस या हिशेबात आपोआप कुठेच येत नाही.

दुसरी बाजू मोडीच्या योजनेची. आधीच्या दोन वर्षांत प्रत्येकी किमान ९० दिवस समुद्रात मासेमारी केलेली असावी, अशी तिची अट होती. केवळ कागदावर उरलेल्या नौकांनी पैसे उचलू नयेत, हा हेतू रास्तच आहे. पण कोटा कमी झाला म्हणून जी नौका फारशी बाहेरच पडू शकली नाही, तिचे दिवस भरणार कसे? ज्याला फटका जास्त बसला त्याचीच नोंद कच्ची राहण्याचा धोका अशा अटीत असतो.

तिसरी बाजू खलाशाची, आणि माझा जीव तिथे अडकतो. आयर्लंडमध्ये बरेच खलाशी पगारावर नसून वाट्यावर काम करतात, अगदी आपल्याकडच्यासारखे: मासळी विकली, खर्च वजा झाला, मग वाटे पडले. नौका बांधून ठेवली की वाटा शून्य होतो. म्हणून तिथल्या नौका बांधून ठेवण्याच्या योजनेत मालकाने मिळालेल्या रकमेचा एक तृतीयांश भाग खलाशांना द्यावा, अशी अट घातली गेली. ही अट मला फार महत्त्वाची वाटते, कारण ती लिहिली नसती तर मालकाच्या चांगुलपणावरच सगळे अवलंबून राहिले असते.

‘मालक देतोच की, कायदा कशाला?’ अशी एका दर्शकांची टिप्पणी होती. देणारे मालक मीही पाहिले आहेत. पण हर्णैला लिलाव आटोपल्यावर एका खलाशाशी बोलत होतो, तेव्हा त्याने पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले आधारकार्ड काढून दाखवले आणि म्हणाला, ‘भाऊ, माझ्याकडे एवढाच कागद आहे.’ तो कोणत्या नौकेवर किती हंगाम होता, हे सांगणारी एक ओळही त्याच्याजवळ नव्हती. उद्या कितीही उदार योजना आली तरी त्याचा अर्ज कशाच्या आधारावर मंजूर होणार?

कॅनडाने या बाबतीत वेगळा मार्ग धरला होता. २ जुलै १९९२ रोजी न्यूफाउंडलंडच्या उत्तरेकडील कॉडची मासेमारीच बंद झाली. आठवड्याला २२५ डॉलरची पहिली घोषणा ऐकून मच्छीमार संतापले आणि काही दिवसांतच कमाल रक्कम ४०६ डॉलर करण्यात आली. तिथे मदत केवळ नौकामालकांपुरती नव्हती, मासळी प्रक्रिया कारखान्यांतले कामगारही तिच्यात होते. पण १९९४ मध्ये आलेल्या १.९ अब्ज डॉलरच्या पुढच्या कार्यक्रमात मदत किती काळ मिळणार हे त्या धंद्यातल्या तुमच्या जुन्या नोंदींवर ठरले, आणि पाच वर्षांसाठी आखलेला तो पैसा १९९८ मध्येच संपला. म्हणजे तिथेही गाडी नोंदीपाशीच येऊन थांबली.

आपल्याकडे युरोपसारखा कोटा नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी मासेमारी बंदी आहे. बंदीच्या आणि मंदीच्या काळासाठी बचत-नि-मदत योजना आहे: मच्छीमाराने १,५०० रुपये साठवायचे, सरकार ३,००० घालते आणि तीन महिन्यांत मिळून ४,५०० हाती येतात. एवढ्यात घर चालत नाही, हे मी स्पष्टपणे म्हणतो. रक्कम वाढलीच पाहिजे. पण इथेही सहकारी सोसायटीचे सभासदत्व आणि नोंदणी लागते, आणि आमच्या किनाऱ्यावर नेपाळमधून किंवा परराज्यांतून येणारा खलाशी त्यातून सहज निसटतो.

म्हणून ‘आम्ही आता काय करावे?’ असे विचारणाऱ्यांना सांगतो. समुद्रात जाण्यापूर्वी टोकन, म्हणजे निघण्याची परवानगी-चिठ्ठी, घेताना नौकेवरील प्रत्येक खलाशाचे नाव नोंदवले गेले आहे का, ते तांडेलाने, म्हणजे नौकेच्या कप्तानाने, स्वतः वाचून पाहावे. खलाशांनी वाट्याचा हिशेब वहीत तारखेसह लिहून घ्यावा आणि त्यावर मालकाची सही घ्यावी. सोसायटीच्या पुढच्या सभेत मदतीच्या रकमेचा विषय निघेल, तेव्हा खलाशाचा हिस्सा ठरावातच आकड्यानिशी लिहून घेण्याचा आग्रह धरा. त्या ठरावाचा मसुदा कसा असावा, हे ज्यांना हवे असेल त्यांनी खाली तसे लिहावे. मी तो तयार करून देईन.